डबीवरची मुलगी

ताईला माणसं दातांवरून लक्षात राहत. नाव विसरेल, नातं विसरेल, पण तुमचा वरचा सुळा शेजारच्या दातापेक्षा किंचित पिवळा आहे, हे ती कित्येक वर्षांनी भर रस्त्यात तोंडावर सांगेल. कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला लागली तेव्हा तिच्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता, आता एक काळा नाही. आपल्याला वाटतं, दात म्हणजे पांढरा. असं ताईसमोर म्हणायची सोय नव्हती. दात मुळाशी पिवळसर, मध्ये जरा राखाडी, टोकाला निळसर आणि काचेसारखा आरपार, आणि माणूस चहाबाज असेल तर त्यावर आणखी एक छटा. ताई चिनी मातीची भुकटी पाण्यात कालवायची, केसाएवढ्या ब्रशने थरावर थर द्यायची आणि भट्टीत भाजून असा दात काढायची की ज्याच्या तोंडात बसला त्यालाही पुढे आरशात तो शोधून काढावा लागे. लॅबमध्ये तिला शेडवाली बाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि आवडतही होतं.

अशा नजरेच्या बाईच्या डोळ्यांत जन्मभर एकच वस्तू खुपत होती, आणि ती होती एक डबी.

डबी मुठीत मावेल एवढी, गोल, मिन्याच्या कामाची. म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर काचेचे रंग चढवून भट्टीत भाजलेली. कडेने गडद निळी, आणि झाकणावर चित्र: अर्धवट उघड्या दारात एक मुलगी उभी आहे, खांद्यावर लाल शाल, हातात सफरचंदांची टोपली. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा, पण त्यात डोळे, भुवया, ओठ, सगळं जागच्या जागी. आईच्या आजीने ती कुठून पैदा केली कुणास ठाऊक, पण तिची रीत पक्की होती. डबी थोरल्या मुलीची. आजीला तिच्या आईकडून मिळाली, आईला आजीकडून. आईची थोरली मुलगी ताई. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

वाद घातला आत्याने, आणि तोही नकळत. धाकटी तेव्हा नुकतं बोबडं बोलायचं सोडत होती. आत्याने डबी उजेडात धरली, मग धाकटीची हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं आणि ओरडली, "अगं बाई, ही तर हुबेहूब आपली धाकटी!"

झालं. त्या दिवसापासून घरात येणारं प्रत्येक माणूस आधी डबी बघे, मग धाकटीकडे बघे आणि "खरंच की!" म्हणे. धाकटीही बेरकी. पाहुणे आले की कुठून तरी लाल टॉवेल पैदा करून खांद्यावर टाकायची आणि दारात उभी राहायची. सगळे हसायचे. ताई मागे पाण्याचे ग्लास घेऊन उभी असायची, आणि ते ग्लास एकेकाच्या डोक्यावर ओतावेत असं तिला मनापासून वाटायचं. एकदा घरात कुणी नसताना तिने डबी आणि आरसा शेजारी धरून पाहिलं. नाक जुळेना, हनुवटी जुळेना, काहीच जुळेना. डबी तिने जागेवर ठेवली आणि आरसा पालथा घातला.

पोटात दुखायला एवढं एकच कारण नव्हतं. ताईचे कपडे लहान करून धाकटीला मिळत, आणि तिच्या अंगावर गेले की नवे दिसत. ताई अभ्यास करून जेवढे मार्क आणायची, तेवढे धाकटी खिडकीत बसून शिट्टी वाजवत आणायची. घरातला रुसवा ताईच्या नावावर, हसू धाकटीच्या. ताईजवळ स्वतःचं असं एकच होतं: हात. आई खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांची तोंडं रंगवायची. सगळ्या बाहुल्यांना एकच तोंड, तीच गोल भुवई, तेच लाल ओठ. आईचा तो न थरथरणारा हात ताईला आला होता, धाकटीला नाही. धाकटीने साधं मांजर काढलं तरी ते टेबलासारखं दिसे. ताई मनाशी म्हणायची, चेहरा तिचा असू दे, डबी माझी आहे.

मग ताई दुसऱ्या शहरात दातांचं काम शिकायला गेली. शिकून परत आली तेव्हा डबी धाकटीच्या टेबलावर होती. आत केसांच्या पिना! मिन्याच्या डबीत पिना!

"ही इथे कशी?" ताईने विचारलं.

आई भांडी पुसत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "राहू दे तिच्याकडेच," एवढंच म्हणाली.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती म्हणाली काय, तर "मला काय करायचीय डबी?" आणि त्या दिवसापासून तिने त्या डबीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हे उगाच बोलायचं म्हणून नाही. पुढे दोघींची लग्नं झाली, धाकटी एका मोठ्या हॉटेलात स्वागताला बसायला लागली (हसण्याचाच पगार, ताई म्हणायची), आई गेली, आणि धाकटी भेटायला आली की पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवायची. कधी गोळी काढायला, कधी पिन. ताई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसायची. समोर बघण्यासारखं काय होतं? पाण्याची टाकी. ती टाकी ताईला इतकी पाठ झाली होती की तिच्यावरचा गंजाचा डाग कोणत्या वर्षी कुठवर आला होता, तेही तिने सांगितलं असतं.

"मागून घे की एकदा," तिचा नवरा म्हणायचा. तो विजेची कामं करायचा, सगळे प्रश्न वायर जोडून सुटतात असं त्याला वाटे.

"मागून घेतलेली डबी आणि विकत घेतलेली डबी, फरक काय अहो? मला ती हवी होती आईने दिलेली."

"आई तर आता नाही."

"म्हणून तर!" ताई म्हणायची, आणि नवरा पेपरात तोंड घालायचा.

तर एके दिवशी धाकटी आली ती डबी रुमालात गुंडाळून. झाकणाच्या कडेचा टवका उडाला होता, खालचं तांबं दिसत होतं. धाकटीची मुलगी नोकरीसाठी लांब निघाली होती, तिला डबी द्यायची होती.

"पण अशी फुटकी कशी देऊ? तुझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायला जीव धजत नाही गं ताई. तू दाताचे टवके भरतेस, हा नाही भरणार?"

ताई टाकीकडे बघत म्हणाली, "ठेव तिथे. बघते वेळ झाला तर."

आतून मात्र ती उकळत होती. म्हणजे आता डबी भाचीकडे, मग भाचीच्या मुलीकडे. धाकटीच्या वंशातून धाकटीच्या वंशात. रीतसर शिक्का बसला, आणि तो बसवायला बोलावलं कुणाला, तर हिला! एकदा तिच्या मनात आलं, भरलाच जाणार नाही म्हणून सांगावं. एकदा आलं, हरवली म्हणावं. शेवटी तिने ठरवलं की असा टवका भरायचा की धाकटीला तो कुठे होता ते शोधूनही सापडू नये. जळणाऱ्या माणसाचा तोरा असाच असतो. उपकार करायचा तोही समोरच्याला खाली मान घालायला लावणारा.

दुपारी लॅबमधली सगळी जेवायला बाहेर गेली तेव्हा ताईने आपल्या टेबलावरचा दिवा ओढला. बिजागरीची पिन काढून झाकण सुटं केलं, कडेची पितळी पट्टी उकलली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भिंगाखाली त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. रंग पिवळट पडला होता, वर मळाचा थर. तिला हवं होतं तेच दिसलं: लाडावलेलं, सगळ्यांनी डोक्यावर बसवलेलं धाकटीचं तोंड. पाहून झालं, असं म्हणून तिने भिंग सरळ टवक्यावर नेलं.

आता तिची कामाची एक सवय होती. जुना दात दुरुस्तीला आला की आधी तो कोपऱ्यात खरवडून बघायचा. कुणी वर डिंक, प्लास्टिक, काहीबाही लावलेलं असतं आणि ते भट्टीत जळतं. नव्या मुलींना ती हे रोज ओरडून सांगायची. त्या दिवशी तिने स्वतः खरवडलं नाही. मिना आहे, भट्टीतूनच आलाय, त्याला भट्टीचं काय भय, असं तिने मनाशी म्हटलं. कमी तापावर वितळणारी भुकटी निवडली, निळ्यात चिमूटभर राखाडी घातलं, टवका भरला. रंग असा जुळला की तिचं तिलाच कौतुक वाटलं. झाकण तिने भट्टीच्या तोंडाशी सुकायला ठेवलं आणि हात धुवायला गेली.

वास आधी आला. मग दोऱ्याएवढा धूर.

ताई धावली. चिमट्याने झाकण ओढून काढलं तोवर शाल तशीच लाल होती, टोपली तशीच होती, दार तसंच होतं, आणि मुलीच्या तोंडाच्या जागी एक काळा फोड आला होता. ब्रश लावताच तो राखेसारखा निघून आला. खाली तांबं.

 काय झालं ते ताईला लगेच कळलं: चेहरा मिन्याचा नव्हताच. कधीतरी कुणीतरी वर साधा तेलाचा रंग लावला होता. पण हे ती कुणाला सांगणार? सगळं गाव म्हणेल, जळत होती, जाळून टाकलं. धाकटी म्हणणार नाही, ती नुसती बघेल, आणि ते जास्त वाईट. आणि खरी गोष्ट म्हणजे ताईलाच स्वतःची खात्री वाटेना. रोज खरवडणारा हात आजच कसा विसरला? तिने स्टुलावर बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, पोराला कोंडावं तसे.

मुली जेवून परत आल्या, ताईने झाकण रुमालाखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत सगळ्या बाहेर गेल्यावर ती कामाला लागली. तांबं घासून आधी पांढरा थर भाजला. आता त्यावर तोंड काढायचं. नमुना कुठला? फोटो नाही, दुसरी डबी नाही. तिच्याजवळचे रंग म्हणजे दातांचे आणि हिरड्यांचे. गालांना हस्तिदंती, सावलीला चहाचा डाग, ओठांना हिरड्यांचा गुलाबी. ताईने ब्रश उचलला, आणि तिला वाटलं होतं की आता अडेल, पण हात अडेचना. डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर, कारण धाकटी लहानपणी पलंगाच्या कोपऱ्यावर पडली होती. नाकाचा शेंडा किंचित चपटा. खालचा ओठ मध्ये भरलेला. हनुवटीला डाव्या बाजूला जेमतेम दिसेल अशी खळी, जी फक्त खोटं बोलताना पडायची. एकदाही थांबावं लागलं नाही. इतकी वर्षं ती या चेहऱ्यावर जळत होती, आणि जळताना माणूस किती बारकाईने बघतं! धाकटीच्या नवऱ्याने तिला एवढं पाहिलं नसेल, तिच्या पोरीने नसेल.

भट्टीतून झाकण निघालं तेव्हा दारात धाकटी उभी होती, सोळा वर्षांची. ताईला ती सुंदर दिसली, आणि त्याचाही राग आला.

सुट्टीच्या दिवशी धाकटी डबी न्यायला आली. ताईने चहा टाकला, डबी टेबलावर ठेवली आणि आज पहिल्यांदा टाकीकडे न बघता समोर बघत बसली. धाकटीने आधी कड चाचपली. "कुठे होता गं टवका? तू पण ना!" मग तिची नजर वर गेली. उठून खिडकीपाशी गेली. डबी उजेडात धरली.

"ताई, चेहऱ्याचं काय केलंस?"

ताईने पाठ करून ठेवलेली उत्तरं बाजूला ठेवली. "जळाला," ती म्हणाली. "भट्टीत. साधा रंग होता वर, मला कळलं नाही. मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय? पण ही मी आहे."

"मग? पहिल्यापासून तूच होतीस. घरादाराला माहीत आहे."

"आधी होते," धाकटी म्हणाली. "मग तू होतीस."

 धाकटी परत येऊन खुर्चीत बसली. डबी तिने दोन्ही हातांत धरली होती.

"तू शिकायला गेलीस ना, त्याच वर्षी आईच्या हातून पडली ही. नेमका चेहरा उडाला. आई घाबरली. कारखान्यातून रंग आणला, म्हणाली, बाहुलीचं तोंड काढते, कुणाला कळतंय! काढलं, तर तू. मी म्हटलं, आई, ही ताई दिसतेय. तिने पुसलं, परत काढलं. परत तूच. कपाळावरच्या आठीसकट! जन्मभर एकच तोंड काढलेली बाई, आणि तेवढंच जमेना तिला. म्हणाली, हात दुसरं काही काढतच नाही गं. आणि रडायला लागली."

चहा उतू गेल्याचा आवाज आला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"मला इतका राग आला होता, ताई! घरात मी. तिची औषधं आणणारी मी. आणि आई तुझं तोंड काढत बसलेली."

"मग तुला का दिली?" ताईचा आवाज चिरकला. "माझं तोंड होतं तर मला का नाही दिली?"

"तुला? तू एका नजरेत ओळखलं असतंस की रंग खोटा आहे. आई तुझ्या नजरेला घाबरायची. म्हणाली, ती आली की चूक काढेल, तुझ्याकडेच राहू दे. मग मीच ठेवली. मी मुद्दाम आणायचे गं दर वेळी. म्हणायचे, आज बघेल, आज काहीतरी बोलेल. तू बाहेर बघत बसायचीस. मग मीही नाद सोडला. म्हटलं, एवढा कंटाळा असेल तर कशाला सांगा?"

 शहरातल्या निम्म्या माणसांच्या तोंडातला खोटा दात ताई रस्त्याच्या पलीकडून ओळखायची. आईने काढलेलं तिचं स्वतःचं तोंड तिने भिंगाखाली धरलं होतं, उजेडात, समोर, आणि ते तिला धाकटीचं वाटलं होतं. मग तिने ते जाळलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला धाकटीचा हेवा वाटला तो रास्त कारणाने: आईने काढलेला तो चेहरा धाकटीने रोज पाहिला होता, आणि तिने एकदाच.

"दे इकडे," ती म्हणाली. "घासून काढते हा."

"निघेल?"

ताईने झाकणावरून अंगठा फिरवला. "नाही. पक्का भाजलाय मी."

धाकटी हसली, मग तिने डोळे पुसले, मग झाकण उघडून आतली बाजू ताईसमोर धरली. आतून ते कोरं होतं, पांढरं. "मग इथे काढ."

"कुणाचं?"

"तुझं. आईने काढलं होतं तसं. पोरगी लांब जातेय, तिला मावशी नको?"

ताईने पेन्सिल घेतली, आधी कागदावर काढून बघावं म्हणून. अंडाकृती काढली आणि थांबली. पुढे काय? भुवया कशा असतात आपल्या? तिने भिंतीवरच्या आरशाकडे पाहिलं तर तिथे एक म्हातारी होती, जिचे दात तिला नीट माहीत होते आणि बाकी काहीच नाही. धाकटीचं तोंड तिला झोपेत काढता आलं असतं. स्वतःचं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"मला नाही येत," ती म्हणाली. हे वाक्य तिने आजवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं, धाकटीसमोर तर नाहीच.

"मला येतं," धाकटी म्हणाली. "पण माझं मांजर टेबलासारखं दिसतं. मी सांगते, तू काढ."

आणि ती सांगू लागली, कागदाकडे न बघता, ताईकडेही न बघता, समोर टाकीकडे नजर लावून. गाल आत. कान मोठे, केसांत लपवलेले. नाक सरळ, "नाही गं, एवढं काही चांगलं नाही, जरा बसकं कर." ओठ घट्ट मिटलेले. ताई मुकाट्याने काढत होती. कागदावर कुणीतरी येऊ लागलं होतं.

"आता दोन भुवयांच्या मध्ये आठी," धाकटी म्हणाली.

"एकोणीस वर्षांची होते मी तेव्हा. आठी कुठून आली?"

"होती," धाकटी म्हणाली. "मी जन्मले तेव्हापासून आहे."

ताईने पेन्सिलीला टोक केलं आणि आठी काढली.